घाटरस्त्याला रात्री गवा-सांबर आडवं येतंय : लाईट वाढवून घेण्याआधी हे तपासा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं गाड्यांच्या वायरिंगचं काम आहे. कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की एका ठरावीक प्रकारच्या गाड्या दारात यायला लागतात. बॉनेट दुमडलेलं, एका अंगाचा हेडलाइट गेलेला, रेडिएटरच्या जाळीत राठ केस अडकलेले. मालक उतरतो तो एकच मागणी घेऊन : "मिस्त्री, लाईट डबल करून द्या. जनावर दिसलंच नाही." लाईट वाढवून दिली तरी त्यातल्या काही गाड्या पुढच्या हंगामात परत दिसतात, बहुतेक दुसऱ्या अंगाला ठोकून. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार आहे. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतोय.

कोल्हापूरच्या पश्चिमेला कुठंही निघा, रात्री जनावराची गाठ पडू शकते. कळे ओलांडून गगनबावड्याकडं, राधानगरीच्या पुढं दाजीपूर आणि फोंडा घाट, मलकापूर सोडल्यावर आंबा, आजऱ्यातनं आंबोली, गारगोटीवरनं पाटगाव, चंदगडातनं तिलारी. दाजीपूरचं अभयारण्य १९५८ साली गव्यांसाठीच जाहीर झालं. आज राधानगरी अभयारण्य म्हणून त्याचा पसारा ३५१ चौरस किलोमीटर आहे. पण हद्दीची पाटी माणसांसाठी असते. डिसेंबर २०२१ मध्ये गवा पंचगंगेच्या काठानं शहराच्या वेशीपर्यंत आला होता. त्यामुळं "आम्ही कुठं जंगलात जातोय" हे म्हणण्यात फारसा अर्थ नाही.

गिऱ्हाईक सगळ्यालाच 'हरीण' म्हणतं, पण गाडीच्या दृष्टीनं फरक मोठा आहे. भेकर शेळीएवढं, वीस-पंचवीस किलोचं. ते बंपरला लागतं, चाकाखाली येतं, आणि मोटरसायकलवाल्याला हमखास पाडतं. सांबराचा मोठा नर दोनशे किलोच्या वर जातो आणि पायांनी उंच असतो. बंपर त्याच्या पायांवर बसतो आणि धड बॉनेटवरनं सरळ समोरच्या काचेत येतं. गव्याचा वाढलेला नर सातशे किलोपासून टनापर्यंत भरतो. त्याला धडकणं म्हणजे भिंतीला धडकणं, फक्त ही भिंत नंतर उठून उभी राहते.

आता तक्रारीकडं येऊ. माणसं बदलतात, गाड्या बदलतात, पण ऐकायला येणारी वाक्यं तीनच : "अचानक आलं." "लाईट कमी पडली." "एक गेलं म्हणून गाडी पुढं घेतली, तर मागनं दुसरं." तिन्हीचं निदान वेगवेगळं आहे.

पहिली तक्रार : अचानक आलं

अचानक येणारं जनावर असतं, नाही असं नाही. भेकर तसंच येतं. पण गवा? एवढं धूड रस्त्याकडेला उभं असतं, सावकाश पाय टाकतं. ते अचानक 'आलं' नाही, ते उशिरा दिसलं. आणि उशिरा दिसण्याचं पहिलं कारण वेगाच्या काट्यावर आहे.

हिशेब साधा आहे. काहीतरी दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत रात्री, थोडं दमलेल्या माणसाला साधारण दीड सेकंद जातो. चांगले टायर, कोरडा डांबरी रस्ता धरला तर ४० च्या वेगाला गाडी सगळं मिळून २६ मीटरमध्ये थांबते. ६० ला ४५ मीटर लागतात. ८० ला जवळजवळ ७० मीटर. आणि डीपरवर, म्हणजे हेडलाइटच्या खाली झुकलेल्या झोतात, काळ्या अंगाचं जनावर ओळखू येतं ते चाळीस-पन्नास मीटरवर. म्हणजे ६० ला तुम्ही काठावर आहात आणि ८० ला तुम्ही स्वतःच्या उजेडाच्या पुढं पळताय.

लोकांना वाटतं ८० ला असलो तरी ब्रेक तर मारणारच, धडक हळू बसेल. ४५ मीटरवर गवा दिसला असं धरा. ८० च्या वेगात पहिले ३३ मीटर तर पाय ब्रेकवर जाईपर्यंतच संपले. उरलेल्या १२ मीटरमध्ये ब्रेक लागून लागून वेग उतरतो तो ६५ वर. जिथं ६० वाला गाडी थांबवून हुश्श म्हणतो, तिथं ८० वाला पासष्टनं जनावरात घुसतो. रस्ता ओला असेल, किंवा ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातला चिखल डांबरावर आणून टाकला असेल, तर ६० लासुद्धा साठ-पासष्ट मीटर धरून चाला.

गगनबावडा रस्ता पूर्वी खड्ड्यांचा होता तेव्हा निदान खड्डेच वेग धरून ठेवायचे. आता करूळ घाटात काँक्रीट झालं, इकडंही रस्ता सुधारला. रस्ता चांगला झाल्याबद्दल तक्रार करणारा मी नाही, पण रस्त्याबरोबर आपल्या हेडलाइटची पोच वाढलेली नाही, हे डोक्यात ठेवावं लागतं.

विश्वास बसत नसेल तर घरी करून बघण्यासारखी एक गोष्ट आहे. शेताकडचा एखादा सरळ, रहदारी नसलेला रस्ता बघा. अंधार पडल्यावर गाडी उभी करा, डीपर लावा. एकाला काळं घोंगडं घेऊन पुढं चालत जायला सांगा आणि उजव्या कडेला घोंगडं पांघरून उभं राहायला सांगा. मग सावकाश गाडीकडं चालत यायला लावा. तुम्ही जागेवर बसून, तो तिथं आहे हे माहीत असूनही, नक्की कुठं दिसतो ते बघा आणि पावलांनी अंतर मोजा. मग त्यालाच डाव्या कडेला उभं करा. डावीकडं तो आधी दिसेल. बहुतेकांना हे माहीत नसतं : आपल्याकडं डावीकडनं गाडी चालते म्हणून डीपरचा उजेड डावीकडं वर उचललेला आणि उजवीकडं, समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून, खाली दाबलेला असतो. उजव्या शेतातनं येणारं जनावर त्यामुळं उशिरा दिसतं. एकच दिलासा, की त्याला तुमच्या लेनमध्ये यायला अर्धा रस्ता ओलांडावा लागतो.

दुसरी तक्रार : लाईट कमी पडली

ही तक्रार पुष्कळदा खरी असते, पण बल्ब छोटा म्हणून नाही. मी गाडी आली की याच क्रमानं बघतो.

सगळ्यात आधी काच. हेडलाइटची नव्हे, समोरची मोठी काच, आणि तीही आतल्या बाजूनं. डॅशबोर्डच्या प्लास्टिकची वाफ, एसी, श्वास, अगरबत्तीचा धूर, या सगळ्याचा एक चिकट पापुद्रा आतनं बसतो. दिवसा कळत नाही. रात्री समोरनं गाडी आली की पूर्ण काच पांढरी होते आणि त्या दोन सेकंदांत कडेला काय उभं आहे ते जातं. स्वच्छ फडकं, थोडा काचेचा क्लीनर, दहा मिनिटांचं काम. वायपरचं रबर कडक झालं असेल तर ते बदला. पावसाळ्यात त्यानं ओढलेल्या रेघा उजेड फाकवतात.

मग हेडलाइटचं कव्हर. पाच-सहा वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचं प्लास्टिक पिवळं आणि धुरकट होतं. अशा कव्हरमागं कितीही भारी बल्ब घाला, निम्मा उजेड कव्हरच खातं आणि उरलेला इकडंतिकडं फेकतं. पाण्याच्या पॉलिश पेपरनं घासून, पॉलिश करून ते बरंच सुधारतं. नुसतं घासून सोडलं तर काही महिन्यांत पुन्हा पिवळं पडतं, वर कोटिंग हवं. टूथपेस्ट लावून येणारेही आहेत. लावा बापडे, आठ दिवस छान दिसतं.

तिसरं, सेटिंग. इथं मात्र थोडं थांबू, कारण निम्म्या गाड्यांचं दुखणं इथंच सापडतं. सपाट जागेत भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करा, टायरमध्ये हवा बरोबर, ड्रायव्हरच्या जागी माणूस. हेडलाइटचा मध्य जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा, समजा ६५ सेंटिमीटर. डीपर लावा. भिंतीवर उजेडाची वरची कड दिसते, ती हेडलाइटच्या उंचीपेक्षा साधारण १० सेंटिमीटर खाली हवी. म्हणजे उजेड ६५ मीटरवर जाऊन रस्त्याला टेकतो. आता धक्के खाऊन किंवा कुणी तरी बंपर काढून बसवताना हीच कड २५ सेंटिमीटर खाली गेली असेल, तर उजेड २६ मीटरवरच संपतो. २६ मीटर म्हणजे ४० च्या वेगाचं थांबण्याचं अंतर. अशी गाडी घेऊन माणूस ऐंशीनं दाजीपूरला जातो आणि बल्बला शिव्या घालतो.

उलटंही होतं. डिकीत पोती, मागं तीन माणसं, की गाडीचं नाक वर जातं आणि उजेड झाडांच्या शेंड्यांना लागतो. स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला शून्य ते तीन आकड्यांची एक छोटी चकती बऱ्याच गाड्यांना असते. ती याच्यासाठीच आहे. ओझं वाढलं की आकडा वाढवायचा, उजेड खाली येतो. रिकाम्या गाडीला ती तीनवर राहिली तर रस्ताभर आंधळी कोशिंबीर.

त्या भिंतीवरच्या कडेवरनं आणखी एक गोष्ट समजते. डीपरची कड पुढं जाईल तशी जमिनीकडं उतरत असते. तीस मीटरवर ती जमिनीपासून ३५ सेंटिमीटर, पन्नास मीटरवर जेमतेम १५. गव्याचा खांदा माणसाच्या डोक्याला लागतो. म्हणजे पन्नास मीटरवर तुमच्या डीपरमध्ये गव्याचे फक्त खूर आहेत, बाकी सगळं धूड काळोखात. गव्याच्या चारही पायांना गुडघ्यापासून खाली पांढरे मोजे असतात. रात्री डीपरवर गवा दिसतो तो असा : रस्त्यालगत जमिनीजवळ चार मळकट पांढरे पट्टे, वर काहीच नाही. डोळ्याला हे शिकवून ठेवा. किलोमीटरच्या दगडाची चुन्याची बाजू आणि हे पट्टे सारखेच वाटतात, फक्त दगड चारच्या संख्येनं उभे नसतात.

म्हणून समोर कुणी नसेल तेव्हा अप्पर, म्हणजे लांब जाणारा वरचा झोत, लावायचा. इतकं साधं, तरी कित्येक जण शहरातनं निघताना लावलेल्या डीपरवरच घाट उतरतात. अप्परमध्ये दुसरा फायदा डोळ्यांचा. सांबर, भेकर, गवा यांच्या डोळ्यांच्या पडद्यामागं उजेड परत फेकणारा थर असतो, त्यामुळं मान वर करून तुमच्याकडं बघितलं की दोन ठिपके चमकतात, आणि ते धडाच्या कितीतरी आधी दिसतात. डीपरची कड त्या उंचीला पोचतच नाही. समोरनं गाडी आली की मात्र डीपर, आणि ती पास होईपर्यंत वेगही खाली. तो गाडी क्रॉस होण्याचा काळ सगळ्यात वाईट. समोरच्याच्या उजेडानं तुम्ही आंधळे आणि त्याच्यामागचा रस्ता पूर्ण काळा.

आता बल्ब. कंपनीचा एच-फोर बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. तो मंद जळतोय असं वाटलं तर आधी बल्बच्या टोकाला किती व्होल्ट पोचतात ते मीटर लावून बघायचं. जुन्या गाडीत सगळा करंट स्विचमधनं फिरून येतो, वाटेत गंजलेली अर्थिंग, सैल झालेला कपलर. बॅटरीला साडेतेरा आणि होल्डरला साडेअकरा, असं हमखास सापडतं. एवढ्यानंही उजेड डोळ्याला कळेल इतका पडतो. रिले (मूळ स्विचच्या इशाऱ्यावर करंट सोडणारा वेगळा स्विच) टाकून बॅटरीतनं सरळ जाड वायर दिली की त्याच बल्बचा चेहरा बदलतो. नव्वद-शंभर वॅटचे बल्ब मागू नका. होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरचा मुलामा करपतो, आणि मग साठ वॅटचा बल्बही काम करत नाही. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये स्वस्त एलईडी बसवण्याचंही तेच. गाडीजवळचा रस्ता दुधासारखा उजळतो, माणूस खूश होतो, पण जवळचं जास्त उजळलं की डोळा तिथंच स्थिरावतो आणि लांबचा काळोख जास्तच काळा वाटतो. समोरच्याला आंधळं करता ते वेगळंच. घाटात आंधळा झालेला समोरचा ट्रक तुमच्याच अंगावर येणार आहे.

धुक्यात हे सगळं उलटं फिरतं. जूनपासून गगनबावडा आणि आंबोलीला ढग रस्त्यावर उतरतो. तेव्हा अप्पर लावला की समोर पांढरी भिंत. डीपर, खाली बसवलेले फॉग लॅम्प आणि तीसचा वेग. त्या हवामानात जनावर दिसण्याची आशा धरूच नका, थांबता येईल एवढ्याच वेगानं जा.

तिसरी तक्रार : मागनं दुसरं

इथं वायरिंगचा काही संबंध नाही, पण माझ्याकडं येणाऱ्या गाड्यांत ही धडक फार. माद्या आणि वासरं घेऊन चालणारा गव्यांचा कळप रस्ता एकदम ओलांडत नाही. एक पुढं होतो, मध्ये खंड पडतो, मग बाकीचे रांगेनं. तुम्ही पहिल्यासाठी ब्रेक मारला, तो गेला, तुम्ही सुटलो म्हणून गिअर टाकला, आणि नजर अजून गेलेल्याच्याच मागं. दुसरा तेवढ्यात येतो. वासरू मागं राहिलं असेल तर आई परतसुद्धा फिरते. सांबराची मादी पाडसासह असेल तर तेच. भेकर बहुधा एकटं असतं, पण घाबरलं की रस्ता ओलांडून पुन्हा त्याच वाटेनं उलटं पळतं.

एक दिसलं की थांबा आणि ज्या बाजूनं ते आलं त्या बाजूला बघा. जिकडं गेलं तिकडं बघून काही उपयोग नाही. पार्किंगचे चारही इंडिकेटर लावा, म्हणजे मागचा एसटीवाला तुमच्यावर येणार नाही. घाई असली तरी मिनीट-दोन मिनिटं जाऊ द्या.

जनावर रस्त्याच्या मधोमध खिळून उभं राहिलं तर ते हट्टानं उभं नसतं. काळोखाला सरावलेल्या त्याच्या डोळ्यांत तुमचा अप्पर गेलेला असतो, त्याला कुठं जायचं ते दिसतच नाही. डीपर करा, लागलंच तर फक्त पार्किंग लाईट ठेवा. सांबर-भेकराला एक-दोनदा छोटा हॉर्न चालतो. गव्याला हॉर्न लावून, अप्पर-डिप्पर मारून, गाडी रेटत पुढं नेणं म्हणजे स्वतःहून आफत ओढवणं. विशेषतः कळपातनं फुटलेला एकटा नर असेल, बाजूला उभा राहून आडवं अंग दाखवत असेल, मान खाली घालून फुत्कारत असेल, तर मागं घ्या. उतरून मोबाईलवर व्हिडिओ काढणाऱ्यांविषयी काय बोलावं?

कुठं आणि कधी

अंधार पडल्यापासून मध्यरात्रीपर्यंत आणि पुन्हा पहाटे चार ते उजाडेपर्यंत, हे दोन पट्टे जास्त जोखमीचे. कोकणातली सकाळची कामं गाठायला आपण नेमके पहाटेच निघतो.

जागा ओळखायला फलकाची गरज नाही. रस्त्याखाली मोरी आणि ओढा असेल, एका अंगाला झाडी आणि दुसऱ्या अंगाला ऊस किंवा भात असेल, तिथं वाट असतेच. डांबरावर ताजं शेण पडलं असेल आणि जवळ वस्ती नसेल तर ते म्हशीचं समजू नका. ऊसतोड सुरू झाली की फडात दडलेली जनावरं उघड्यावर पडतात आणि नव्या आडोशाच्या शोधात रस्ते ओलांडतात. काल जिथं ऊस उभा होता आणि आज जिथं पाचट पडलंय, त्या तुकड्याजवळ जास्त सावध. मार्च ते मे डोंगरातले झरे आटतात, तेव्हा राधानगरी आणि काळम्मावाडी धरणांच्या फुगवट्याकडं जनावर उतरतं, आणि मध्ये आपला रस्ता आडवा येतो.

एक खूण मात्र वाहनवाल्यांच्या लक्षातच येत नाही. रात्री शेतात बॅटऱ्या हलताना दिसल्या, आरडाओरडा ऐकू आला, फटाके वाजले, तर ती शेतकऱ्यांची राखण आहे. गवे पिकात घुसलेत आणि त्यांना हाकललं जातंय. हाकललेला कळप पळतो तो बहुतेक वेळा रस्त्याच्या दिशेनं, आणि पळणारा गवा सावकाश पाय टाकत नाही. अशा वेळी काच खाली करा, गाडी कडेला घ्या, गलका थांबेपर्यंत थांबा. शेतकऱ्याचा त्यात दोष नाही, त्याचं वर्षाचं पीक तिथं उभं असतं.

आणि जनावराच्या नादात ट्रॉली विसरू नका. रिफ्लेक्टर नसलेली, मागचा दिवा नसलेली, बंद पडलेली उसाची ट्रॉली ही या रस्त्यावरची गव्याएवढीच काळी आणि त्याहून जड गोष्ट आहे. वरचा वेगाचा हिशेब तिलाही तसाच लागू.

जे उपाय विकले जातात

बंपरला चिकटवायची शिट्टी मिळते, वाऱ्यानं वाजते आणि म्हणे हरणं पळतात. परदेशात यावर चाचण्या झाल्या आहेत, हरणं तिला दाद देत नाहीत. पैसे वाचवा. पुढं लावायचा लोखंडी गार्ड बरेच जण अजून मागतात. केंद्र सरकारनं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना तो बेकायदा असल्याचं कळवलं आहे, आणि बेकायदा नसता तरी मी बसवू नका म्हणेन. गार्ड सरळ चॅसिसला बांधला जातो, बंपरनं चेपून जो धक्का खायचा तो थेट आत येतो, आणि एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाज चुकू शकतो. उंच सांबराचं धड गार्डवरनंही काचेतच येतं.

फुकटचा एक उपाय आहे तो सांगतो : रात्रीच्या एसटीच्या मागं पुरेसं अंतर ठेवून राहणं. ड्रायव्हर त्या रस्त्याचा रोजचा, बसायची जागा उंच, आणि काही आडवं आलं तर आधी त्याचे ब्रेक लाईट पेटतात. मोटरसायकलवाल्यांना तर मी हेच सांगतो. शक्य असेल तर रात्रीचा घाट टाळाच. नाही जमलं तर हेल्मेटची काच स्वच्छ आणि वेग चाळीसच्या आत.

अगदी समोर आलंच तर

ब्रेक पूर्ण दाबा आणि स्टिअरिंग सरळ धरा. हात आपोआप वळतो, तो वळू द्यायचा नाही. दाजीपूरच्या रस्त्याला कडेची जुनी झाडं आणि घाटात दरी, दोन्ही जनावरापेक्षा वाईट. एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर पेडल पायाखाली थरथरतं, आवाज येतो. तो बिघाड समजून पाय उचलू नका. एबीएसमुळं गाडी फार लवकर थांबते असं नाही, पण घसरत नाही आणि हातात राहते. बाजूला मोकळी, सपाट जागा नक्की दिसतेय आणि वेग आधीच उतरलाय, तरच जनावराच्या मागच्या बाजूनं वळवायचा विचार करा, कारण ते पुढं जात असतं. मोटरसायकलला दोन्ही ब्रेक एकत्र, गाडी उभी, अजिबात न कलंडता.

पुढच्या सीटवरच्यांनी पट्टा लावलेला असतोच, मागच्यांनीही लावायचा. मागचा माणूस पट्ट्याविना असेल तर धडकेत तो पुढच्या सीटवर येऊन आदळतो.

धडक बसली तर

गाडी शक्य तेवढी कडेला, चारही इंडिकेटर चालू, लाल त्रिकोण मागं पन्नास पावलांवर. वळण असेल तर वळणाच्याही अलीकडं. माणसांना लागलं असेल तर १०८, पोलिसांसाठी ११२, वन विभागासाठी १९२६. घाटात रेंज जाते-येते. म्हणून जाता-येता कुठल्या वळणावर रेंज येते ते ध्यानात ठेवलेलं बरं.

जखमी जनावराजवळ जायचं नाही. पाणी पाजायला नाही, बाजूला ओढायला तर नाहीच. पडलेलं सांबर लाथ झाडतं, पडलेला गवा उठतो. मेलेलं असलं तरी हात लावू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ३९ नुसार ते सरकारी मालमत्ता आहे. "असंही मेलंय, घेऊन जाऊ" असं म्हणणारा एक तरी गर्दीत निघतोच. डिकीत मटण सापडलं की अपघाताची शिकार होते आणि मग वकील शोधावा लागतो. उलट स्वतः फोन करून कळवलं तर तुम्ही अपघातग्रस्त आहात, हे कागदावर येतं.

फोटो काढा : गाडी, रस्त्यावरच्या ब्रेकच्या खुणा, किलोमीटरचा दगड. विमा नुसता थर्ड पार्टी असेल तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचे पैसे मिळत नाहीत. स्वतःच्या नुकसानीचा भाग असलेली पॉलिसी हवी, आणि कंपनीला कळवायचं ते गाडी हलवण्याआधी.

निघण्याआधी बॉनेट उघडून टॉर्च मारा. रेडिएटर पुढंच असतो, जनावराच्या धडकेत तो आधी फुटतो. खाली हिरवं किंवा लाल पाणी ठिबकत असेल तर गाडी चालू करू नका, टोईंग बोलवा. "राधानगरीपर्यंत तर जाईल" म्हणून तशीच रेटलेली गाडी हेड गॅस्केट जाळून येते, आणि मग पत्रा-लाईटचं बिल इंजिनाच्या बिलापुढं किरकोळ वाटतं. पाणी गळत नसेल, पंखा कुठं घासत नसेल आणि निदान एक हेडलाइट तरी सरळ पेटत असेल, तर तापमानाच्या काट्यावर नजर ठेवून सावकाश जवळच्या गावापर्यंत या. उजवीकडचा लाईट गेला असेल तर तेवढंही करू नका. समोरच्याला तुमची गाडी लांबून मोटरसायकल वाटते आणि तो तेवढीच जागा सोडतो.